उंबरठा ओलांडण्याची विद्या

२०२० साली साऱ्या जगाने साबणाने हात धुतले. रावाने धुतले, रंकाने धुतले. शाळा पुन्हा उघडल्यावर आमच्या वर्गातल्या मुलांनी पाढे म्हणत म्हणत धुतले. साबणच का, नुसते पाणी का नको, असे फारसे कोणी विचारले नाही. कारण तेलकट कढई नुसत्या पाण्याने निघत नाही, हे घरोघरी ठाऊक असते. करोनाच्या विषाणूचेही तसेच आहे. त्याच्या अंगाभोवती एक तेलकट कातडी असते. साबणाने ती कातडी विस्कटली की आतला ऐवज उघडा पडतो आणि विषाणू निकामी होतो.

सगळ्याच विषाणूंना अशी कातडी नसते. पोलिओच्या विषाणूला नाही. पण इन्फ्लुएंझा, गोवर, देवी, पिसाळलेल्या कुत्र्याचा रोग, डेंग्यू, चिकुनगुन्या, एड्स, करोना या सर्वांच्या विषाणूंना आहे. आणि मौज अशी की ही कातडी त्यांची स्वतःची नव्हेच. ज्या पेशीत विषाणू वाढतो, तिच्यातून बाहेर पडताना तो तिच्याच पटलाचा एक तुकडा अंगाभोवती लपेटून घेतो. चोराने घर लुटावे आणि जाताना यजमानाचीच शाल पांघरून निघून जावे, तसा हा प्रकार.

बाहेर कसा पडतो ते कळले. पण मग आत कसा येतो? शाल पांघरलेला हा पाहुणा दुसऱ्या पेशीच्या दारात उभा राहतो, तेव्हा त्याच्या अंगावर एक पटल आणि समोर पेशीचे दुसरे पटल. दोन्ही अखंड, दोन्ही बंद. दाराला फट नाही, खिडकी नाही. आतला ऐवज तर आत गेलाच पाहिजे. या एका प्रश्नाचे उत्तर मिळवायला माणसाला अर्धे शतक लागले. माझे शिक्षण मॅट्रिकच्या पुढे गेले नाही आणि माझा धंदा मुलांना शिकवण्याचा नि कादंबऱ्या लिहिण्याचा. पण या अर्ध्या शतकात जी माणसे भेटतात आणि जे प्रसंग घडतात, ते कोणत्याही कादंबरीकाराला मोह पाडतील असे आहेत. फराळाचे ताट बाजूला ठेवून घटकाभर ऐकावे, एवढीच विनंती.

आमटीवर तरंगणारे तेलाचे दोन थेंब आपण सर्वांनी पाहिले आहेत. चमच्याने जवळ आणले की ते झटकन एक होतात. पेशीचे पटलही स्निग्धच आहे. मग विषाणूची कातडी पेशीला टेकली की दोन्ही आपसूक एक का होऊ नयेत? तशी ती होत नाहीत, हे आपले भाग्य. नाहीतर आपल्या शरीरातल्या कोट्यवधी पेशी एकमेकींत विरघळून केव्हाच एक गोळा झाला असता. पेशीचे पटल दुपदरी असते. दोन्ही पदरांची तेलकट बाजू आत, एकमेकांकडे, आणि पाण्याशी मैत्री करणारी बाजू बाहेर. त्या बाहेरच्या बाजूला पाण्याचा पातळ थर घट्ट चिकटून असतो. दोन पटले जवळ आणायची तर मधले हे पाणी पिळून काढावे लागते, आणि त्याला बळ लागते. ते बळ कोण लावतो? विषाणूजवळ ना स्नायू, ना इंजिन, ना अन्न पचवून शक्ती निर्माण करण्याची सोय. तरीही तो दार न फोडता उंबरठा ओलांडतो.

*

कथेची सुरुवात इन्फ्लुएंझापासून करावी लागते. १९१८ साली या रोगाची जी साथ आली, तिला आपल्याकडे मानमोडी म्हणत. जून महिन्यात ती मुंबई बंदरात उतरली आणि वर्ष संपेपर्यंत हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे गेली. ती कशाने गेली हेही तेव्हा कोणाला ठाऊक नव्हते. माणसाच्या इन्फ्लुएंझाचा विषाणू हाती लागला तो १९३३ साली, लंडनमध्ये, मुंगसासारख्या दिसणाऱ्या फेरेट नावाच्या प्राण्याला सर्दी देऊन. पुढे हा विषाणू कोंबडीच्या उबवलेल्या अंड्यात वाढवता येऊ लागला आणि संशोधकांच्या टेबलांवर अंड्यांच्या राशी पडल्या.

१९४१ साली न्यूयॉर्कमध्ये रॉकफेलर फाउंडेशनच्या प्रयोगशाळेत जॉर्ज हर्स्ट हे डॉक्टर अशा अंड्यांतून विषाणूंनी भरलेला द्रव काढून घेत होते. काढताना आतल्या पिल्लाची एखादी रक्तवाहिनी फाटे आणि थोडे रक्त द्रवात मिसळे. कोणीही म्हणाला असता, नमुना नासला, टाका. हर्स्ट यांनी तो टाकला नाही, निरखून पाहिला. रक्तातल्या तांबड्या पेशी सुट्या राहिल्या नव्हत्या, त्यांच्या गुठळ्या झाल्या होत्या. ज्या अंड्यांत विषाणू नव्हता त्यांत असे घडत नव्हते. म्हणजे विषाणूच पेशींना एकमेकींशी चिकटवत होता. त्याच वर्षी कॅनडात टोरांटो येथेही दोघा संशोधकांना हीच गोष्ट स्वतंत्रपणे दिसली. विषाणूच्या अंगावरचा जो पदार्थ हे करतो त्याला हिमॅग्लुटिनिन असे लांबलचक नाव मिळाले. नाव भारी असले तरी अर्थ साधा: रक्ताला चिकटवणारा.

हर्स्ट यांनी पुढे पाहिले ते याहून विलक्षण होते. थंडीत विषाणू पेशींना चिकटून राही. उबेत ठेवले की काही वेळाने आपोआप सुटे, आणि सुटल्यावर त्याच पेशींना पुन्हा चिकटेना. जणू पेशीवरची एखादी कडी त्याने कापून टाकली होती. ही कडी म्हणजे सायलिक आम्ल नावाचा साखरेच्या जातीचा पदार्थ, हे पुढच्या पंधराएक वर्षांत सिद्ध झाले. विषाणू दारात येऊन कडीला हात घालतो, एवढे कळले. पण कडीला हात घालणे निराळे आणि आत येणे निराळे. तिथे गाडे अडले.

*

यानंतरचा प्रसंग जपानातला. सेंदाई गावच्या इस्पितळात फुप्फुसाच्या दाहाने दगावलेल्या तान्ह्या मुलांच्या नमुन्यांवरून संशोधकांनी १९५२-५३ च्या सुमारास एक विषाणू वेगळा केला. तो खरोखर त्या मुलांचा, की ज्या उंदरांत त्याची वाढ केली त्यांचाच, यावर पुष्कळ वाद झाला, आणि अखेर तो उंदरांच्या वंशातला ठरला. गावाच्या वाट्याला मात्र नाव आले: सेंदाई विषाणू. सुंदर, झाडांनी भरलेले शहर म्हणून जे प्रसिद्ध, त्याच्या नावाने रोग ओळखला जावा हे काही बरे नाही. पण विषाणूंच्या नामकरणात अशी अन्याय्य उदाहरणे रगड आहेत.

ओसाका विद्यापीठात योशिओ ओकाडा हे तरुण संशोधक १९५७ च्या सुमारास हा विषाणू उंदरांच्या कर्कपेशींत मिसळून पाहत होते. पेशी आधी एकमेकींना चिकटल्या. त्यात नवल नव्हते. ते हर्स्ट यांनी दाखवलेच होते. पण थोड्या वेळाने त्यांच्यामधल्या भिंती नाहीशा झाल्या. पाच-दहा पेशींची मिळून एकच राक्षसी पेशी बनली आणि तिच्या पोटात पाच-दहा केंद्रके शेजारी शेजारी नांदू लागली. गोवराच्या विषाणूची लागण झालेल्या पेशींतही असे राक्षस दिसतात, हे अमेरिकेत एंडर्स आणि पीबल्स यांनी १९५४ साली पाहिले होते. ओकाडा यांनी जाणले की ही लागणीनंतरची मोडतोड नव्हे. विषाणू स्वतःच पटलाला पटल सांधतो आहे. जिवंत विषाणूची गरजही नव्हती. अतिनील किरणांनी मारून टाकलेला विषाणूही तेच करी.

या शोधाचा उपयोग आधी झाला तो भलत्याच कामी. १९६५ साली ऑक्सफर्डमध्ये हॅरिस आणि वॉटकिन्स यांनी मेलेला सेंदाई विषाणू वापरून माणसाची पेशी आणि उंदराची पेशी एकत्र सांधली. वर्तमानपत्रांत खळबळ उडाली. आता अर्धा माणूस आणि अर्धा उंदीर जन्माला येणार असे लोकांना वाटले. त्यातल्या माणसाच्या पेशी कोणाच्या होत्या, हे मला सांगितल्यावाचून राहवत नाही. हेन्रिएटा लॅक्स नावाची एक गरीब कृष्णवर्णी स्त्री १९५१ साली अमेरिकेत कर्करोगाने वारली. तिच्या गाठीतल्या पेशी तिला न विचारता काढून घेतल्या होत्या आणि त्या जगभरच्या प्रयोगशाळांत वाढत होत्या. बाई गेली, तिच्या पेशी ऑक्सफर्डला पोहोचल्या आणि उंदराच्या पेशींशी त्यांचे लग्न लागले. तिच्या घरच्यांना यातले काहीही ठाऊक नव्हते. दहा वर्षांनी, १९७५ साली, केंब्रिजमध्ये कोलर आणि मिलस्टाइन यांनी याच सेंदाई विषाणूने पेशी सांधून हव्या त्या जातीची प्रतिपिंडे बनवण्याची युक्ती काढली. तिच्यावर आज कित्येक औषधे उभी आहेत.

विषाणूच्या अंगावरच्या ज्या प्रथिनाच्या हातून हे सांधणे होते, त्याला इंग्रजीत फ्यूजन प्रोटीन म्हणतात. मी त्याला सांधक प्रथिन म्हणतो. १९७३-७४ साली जपानात होम्मा आणि ओउची यांनी, आणि न्यूयॉर्कमध्ये शाइड आणि चॉपिन यांनी, या सांधकाबद्दल एक महत्त्वाची गोष्ट दाखवली. तो जन्मतः लंगडा असतो. पेशीतून निघालेला अखंड सांधक काही करू शकत नाही. कोणीतरी त्याला नेमक्या जागी कापावे लागते. मगच तो कामाचा होतो. आणि गंमत पहा, हा कापणारा सुरा विषाणूचा नसतो, आपल्याच शरीरातल्या पाचकांपैकी एखादा असतो. वात बाहेर काढून ठेवलेला फटाका आणि वात आतच राहिलेला फटाका, एवढा फरक त्या एका कापाने पडतो.

ही गोष्ट फार खोल जाते. इन्फ्लुएंझाचे हिमॅग्लुटिनिन हेच त्याचे सांधक. कडीला हातही तेच घालते आणि पटलही तेच सांधते. १९७५ च्या सुमारास त्यालाही असाच काप लागतो हे कळले. कोंबड्यांच्या साध्या फ्लूत हा काप घालणारे सुरे फक्त आतड्यात आणि श्वासनलिकेत असतात. म्हणून रोग तिथेच राहतो आणि कोंबडी बहुधा जगते. पण काही विषाणूंत कापाच्या जागी चारदोन रासायनिक अक्षरे अधिक येतात, आणि मग शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत असलेला फ्युरिन नावाचा सुरा तिथे चालतो. तोच विषाणू मेंदूत, काळजात, यकृतात, सगळीकडे पसरतो आणि खुराडेच्या खुराडे ओस पडते. १९९७ साली हाँगकाँगमध्ये असा विषाणू अठरा माणसांना लागला; सहा दगावली. २००६ च्या फेब्रुवारीत आपल्या नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला भारतातला पहिला बर्ड फ्लू आला, आणि लाखो कोंबड्या मारून पुराव्या लागल्या. चार अक्षरांची करणी!

*

आता नवसागराची गोष्ट. पूर्वी कल्हईवाला दारात भाता लावून बसे आणि तापलेल्या भांड्यावर नवसागराची पूड टाकून पांढरा धूर काढी. हा नवसागर, म्हणजे अमोनियम क्लोराइड, विषाणूच्या प्रवेशाचे गूढ उकलायला उपयोगी पडला, हे कळले तेव्हा मला फार आनंद झाला.

आरी हेलेनियस हे मूळचे फिनलंडचे. जर्मनीत हायडेलबर्ग येथे ते आणि त्यांचे सहकारी सेम्लिकी अरण्याच्या विषाणूवर काम करीत. हा विषाणू युगांडातल्या डासांत १९४२ साली सापडला. आपल्या चिकुनगुन्याच्या विषाणूचा तो चुलतभाऊ. त्या चिकुनगुन्याने १९७३ साली बार्शीला आणि २००६ साली अर्ध्या महाराष्ट्राला सांधे धरून बसवले होते, ते पुष्कळांना आठवत असेल. त्या काळी बहुतेकांची समजूत अशी, की कातडीचे विषाणू पेशीच्या दारातच सांधले जात असावेत. पेशी कधीकधी विषाणूला गिळतेही, हे सूक्ष्मदर्शकाखाली दिसे. पण गिळलेला विषाणू पेशीच्या पोटात आम्लाने जिरून जात असणार, असे मानत.

हेलेनियस यांनी १९८० साली दाखवले ते नेमके याच्या उलट. विषाणूला गिळले जावे असेच वाटत असते. पेशी त्याला एका लहानशा पिशवीत घेते; ती पिशवी आत आत सरकते आणि आंबट होत जाते, जेमतेम काळ्या कॉफीइतकी. आणि हा आंबटपणा हाच विषाणूचा संकेत. आता आपण आत आलो, असे त्याला त्यावरून समजते आणि तो आपली कातडी पिशवीच्या पटलाशी सांधून मोकळा होतो. नवसागर किंवा क्लोरोक्विन पेशीला दिले की पिशवी आंबट होत नाही आणि विषाणू आतल्या आत कोंडून बसतो. उलट, बाहेरच्या द्रवालाच थोडे आंबट केले की तो दारातच सांधला जातो. हेलेनियस आणि ज्युडिथ व्हाइट यांनी तर नुसत्या चरबीच्या कृत्रिम फुग्यांवर हा प्रयोग केला. पेशी नाही, जीव नाही. आम्लाचा थेंब पडताच काही सेकंदांत विषाणू फुग्याशी एक. म्हणजे बळ लावणारी यंत्रणा सारी विषाणूजवळच होती.

यालाच जोडून २०२० ची एक गोष्ट सांगतो. क्लोरोक्विन विषाणूंना कोंडते, हे जुने ज्ञान करोनाच्या दिवसांत एकाएकी बाहेर आले. हायड्रॉक्सिक्लोरोक्विनच्या गोळ्यांचा जगभर गवगवा झाला. भारताने त्या कितीतरी देशांना पाठवल्या. प्रयोगशाळेत माकडाच्या मूत्रपिंडाच्या पेशींवर त्या चालल्याही होत्या. पण माणसाच्या फुप्फुसातल्या पेशींच्या दारातच एक सुरा असतो. तो करोनाच्या सांधकाला तिथल्या तिथे कापतो आणि विषाणू आंबट पिशवीची वाट न पाहता आत येतो. ज्या दाराला आपण कुलूप लावले, त्या दाराने तो येतच नव्हता. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये हजारो रोग्यांवर झालेल्या चाचणीत त्या गोळ्या निरुपयोगी ठरल्या.

*

यंत्रणा विषाणूजवळ आहे हे खरे. पण ती दिसते कशी? लंडनजवळच्या मिल हिल येथील जॉन स्केहेल आणि अमेरिकेत हार्वर्डचे डॉन वायली यांनी इन्फ्लुएंझाच्या सांधकाचे स्फटिक बनवून त्यांतून क्ष-किरण सोडले. विषाणूच्या अंगावरून हे प्रथिन सोलून काढायला त्यांनी जो पाचक वापरला तो अननसाच्या झाडातला होता. अननसाने जीभ चुरचुरते ती अशा पाचकामुळेच. १९८१ साली, इयन विल्सन आणि त्यांनी मिळून चित्र प्रसिद्ध केले. तीन पायांची तिवई उलटी धरावी तसे, तीन समान भागांचे एक खुंट, साडेतेरा नॅनोमीटर उंच. असे शेकडो खुंट एका विषाणूवर उभे असतात. आणि विषाणू तरी केवढा, तर दहा हजार एका ओळीत मांडले की एक मिलिमीटर भरावा.

या खुंटाचे एक टोक, तेलाशी सलगी करणारे, बुंध्याच्या आत दुमडून लपवलेले होते. तेच पेशीच्या पटलात घुसणार, हे उघड होते. पण ते होते बुंध्याजवळ, विषाणूच्या बाजूला, आणि पेशी तर वर, शेंड्याकडे. तलवार म्यानात, म्यान कमरेला आणि शत्रू गच्चीवर! आम्लात ठेवल्यावर प्रथिनाचा आकार बदलतो हे १९८२ साली कळले. १९९३ साली कार आणि किम यांनी अंदाज बांधला की त्यात दाबून बसवलेल्या स्प्रिंगसारखे काहीतरी आहे. १९९४ साली वायली आणि स्केहेल यांच्या मंडळींनी आम्लानंतरचे चित्र मिळवले, आणि अंदाज खरा ठरला. आम्ल लागताच वरची टोपी बाजूला होते, मधला सैल भाग ताठ होऊन लांब दांडा बनतो आणि त्या दांड्याबरोबर लपलेले टोक मिलिमीटरच्या एक लाखाव्या भागाइतके अंतर उडून समोरच्या पटलात रुतते. एवढ्यावर भागत नाही. रुतल्यावर सबंध प्रथिन केसांच्या आकड्यासारखे मधोमध दुमडते. त्याचे एक टोक विषाणूच्या कातडीत, दुसरे पेशीच्या पटलात. आकडा मिटला की दोन्ही पटले एकमेकांवर खेचली जातात आणि मधले पाणी पिळून निघते. असे तीन-चार आकडे शेजारी शेजारी मिटावे लागतात. आधी बाहेरचे पदर एक होतात, मग आतले. एक भोक पडते, रुंदावते, आणि विषाणूचा ऐवज आत जातो.

स्नायू नाही, इंजिन नाही, मग बळ कुठून आले? उंदराच्या सापळ्यात कुठून येते? सापळा लावणाऱ्याने कमान ओढून ठेवलेली असते, त्यातून. प्रथिन घडले तेव्हाच ताणून बसवले गेले. ते एकदाच सुटते. सुटले की पुन्हा पहिल्यासारखे होत नाही. वेळेपूर्वी सुटले तर विषाणू फुकट जातो.

एड्सच्या विषाणूचा सांधकही याच घडणीचा निघाला, हे १९९७ साली दिसले. आकडा मिटण्यापूर्वी त्याच्या दोन भुजांमध्ये एक खोटी भुजा सरकवली तर तो मिटतच नाही; या युक्तीचे एन्फुव्हिर्टाइड नावाचे औषध २००३ साली अमेरिकेत मंजूर झाले. औषध महाग, दिवसातून दोनदा टोचून घ्यायचे; त्यामुळे ते फार पसरले नाही. पण युक्ती बिनतोड होती. डेंग्यू, चिकुनगुन्या यांचे सांधक मात्र निराळ्या घडणीचे आहेत, आडवे पसरलेले. रचना निराळी, काम तेच.

*

आता जी हकीकत सांगायची आहे ती सांगताना हात जड होतो. तान्ह्या मुलांना धाप लावणारा एक विषाणू आहे, त्याला आर.एस.व्ही. म्हणतात. १९५६ साली तो प्रथम सर्दी झालेल्या चिंपांझींत सापडला आणि लवकरच माणसांच्या मुलांतही. लहान मुलांना इस्पितळात नेणाऱ्या रोगांत त्याची गणना फार वरची आहे. पोलिओची लस मेलेल्या विषाणूची होती, ती फॉर्मॅलिनने मारलेली; तेव्हा हाही विषाणू तसाच मारून लस करावी, असे ठरले. १९६६ च्या सुमारास अमेरिकेत ती मुलांना टोचली. पुढच्या हिवाळ्यात रोग आला. वॉशिंग्टन येथे ज्या मुलांना ही लस टोचली नव्हती, त्यांतल्या रोग लागलेल्यांपैकी शंभरांत पाचांना इस्पितळात न्यावे लागले. ज्यांना टोचली होती, त्यांतल्या शंभरांत ऐंशींना. दोन मुले गेली. दीड वर्षाचीही नव्हती ती.

रोजच पोरे समोर बसलेली असतात अशा माझ्यासारख्याला हे आकडे वाचून पुढे जाता येत नाही. त्या आयांनी मुलाला मांडीवर घेऊन दंड पुढे केला असेल तो मुलाचे भले व्हावे म्हणून. डॉक्टरही दुष्ट नव्हते. चुकले ते असे कुठे, की कोणाच्याच ध्यानात येईना. पुढे पन्नासहून अधिक वर्षे या रोगाला लस झाली नाही.

कारणे एकाहून अधिक होती. त्यांतले एक त्या सापळ्यात दडलेले होते. या विषाणूचा सांधक फार हळवा. थोडी ऊब, थोडे रसायन, आणि तो आपोआप सुटून मिटलेल्या आकड्याच्या रूपात जातो. फॉर्मॅलिनने मारलेल्या लशीत सगळे सांधक असे मिटलेलेच होते. शरीराने त्यांना पाहून प्रतिपिंडे बनवली, ती मिटलेल्या आकड्याविरुद्ध. खरा विषाणू आला तो ताणलेला सापळा घेऊन. त्याचे रूप शरीराने कधी पाहिलेच नव्हते. चोराचे वर्णन पोलिसांना दिले, पण ते चोरी करून झाल्यानंतरचे.

२०१३ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत जेसन मॅक्लेलन, पीटर क्वाँग आणि बार्नी ग्रॅहॅम यांनी एका प्रतिपिंडाच्या आधाराने या सांधकाला न सुटलेल्या रूपात धरून ठेवले आणि त्याचे चित्र घेतले. सर्वांत जोरकस प्रतिपिंडे जिथे चिकटतात ती जागा अगदी शेंड्यावर होती, आणि सापळा सुटताच ती नाहीशी होत होती. मग त्यांनी प्रथिनात आतून एक टाका घातला, दोन पोकळ्यांत पाचरी मारल्या, आणि सापळा सुटणारच नाही असा केला. २०२३ साली या तत्त्वावरच्या लशी मंजूर झाल्या. आधी साठीपुढच्यांसाठी, आणि त्याच ऑगस्टमध्ये गर्भवतींसाठीही. आईला टोचायची, की तिची प्रतिपिंडे नाळेतून बाळाला मिळतात आणि ते जन्मतःच चोराला ओळखते. १९६६ ची ती मुले जगती तर आज साठीची असती.

याच मॅक्लेलन आणि ग्रॅहॅम यांनी किझ्झमेकिया कॉर्बेट वगैरे सहकाऱ्यांबरोबर २०१७ साली करोनाच्या जातीतल्या मर्स या रोगाच्या सांधकाला दोन प्रोलीन घालून ताठ उभा केला. प्रोलीन हे प्रथिनाचे असे अक्षर आहे की ते जिथे येते तिथे साखळी वाटेल तशी वळत नाही. जानेवारी २०२० मध्ये नव्या विषाणूची वर्णमाला चीनमधून प्रसिद्ध झाली, तेव्हा कुठे पाचर मारायची हे आधीच ठाऊक होते. लस वर्षात कशी झाली, घाई तर केली नाही ना, असे लोक विचारीत. त्यांना ही आधीची सारी वर्षे दिसत नव्हती. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने बनवलेली आणि डिसेंबर २०२१ मध्ये भारतात परवानगी मिळालेली कोव्होव्हॅक्स ही लस याच दोन पाचरींच्या सांधकाची. त्याच कारखान्याची कोव्हिशील्ड मात्र या पाचरींवाचून होती, आणि आपल्यापैकी बहुतेकांच्या दंडात गेली ती तीच.

*

एक धागा अजून हातात राहिला आहे, आणि तो मला साऱ्या हकीकतीत अधिक आवडतो. लाखो वर्षांपूर्वी काही विषाणू आपल्या पूर्वजांच्या बीजपेशींतच शिरले आणि तिथले झाले. त्यांची अक्षरे पिढ्यान्‌पिढ्या आपल्या वंशात उतरत आली. बहुतेक मोडून निरर्थक झाली. पण २००० साली अमेरिकेतल्या संशोधकांना आढळले की अशाच एका विषाणूचा सांधक माणसाच्या शरीरात शाबूत आहे आणि कामही करतो. कुठे, तर वारेत. गर्भाची वार आईच्या रक्तात बुडालेली असते, आणि तिचा बाहेरचा थर हा असंख्य पेशी सांधून झालेली एकच अखंड पेशी असते. ओकाडा यांनी काचेत पाहिली तसली राक्षसी पेशी. तिच्यातूनच बाळाला अन्न आणि प्राणवायू मिळतो. हा थर सांधण्यात त्या जुन्या विषाणूच्या प्रथिनाचा हात आहे. त्याला सिन्सिटिन असे नाव दिले.

उंदरांतही असे प्रथिन आहे, पण ते दुसऱ्याच विषाणूकडून आलेले. २००९ साली फ्रान्समध्ये तियेरी हाइडमान यांच्या मंडळींनी उंदरांतून ते काढून टाकले, तेव्हा वार नीट बनेना आणि पिले पोटातच मेली. मग एकेक प्राणी तपासला गेला. सशाचे निराळे, कुत्र्या-मांजरांचे निराळे, गाईगुरांचे निराळे. प्रत्येकाने आपापल्या वेळी आपापल्या विषाणूकडून घेतलेले. २०१७ साली तर दक्षिण अमेरिकेतली माबुया नावाची सापसुरळी सापडली. ही अंडी घालत नाही, पिले देते, आणि तिलाही वार असते. त्या वारेतही एका विषाणूचा सांधक निघाला.